तुझं वर्ष डिसेंबरात संपत नाहीये

सल्ला मागायला आलेलं एक पत्र थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असे तपशील काढलेत:

"मावशी, वय 37, मूळची सांगलीची, 13 वर्षं पुण्यात आयटीमध्ये टेस्टिंगचं काम केलं. या वर्षी फेब्रुवारीत मी आणि नवऱ्याने वेगळं व्हायचं ठरवलं, भांडून नाही, दोघांनाही कळलं होतं की आता नाही होणार. मी मुलाला घेऊन वारज्यात भाड्याने राहायला गेले, फ्लॅटचा अर्धा ईएमआय अजून भरतेच आहे. मे मध्ये बाबा गेले, सकाळी चहा घेताना, काही कळायच्या आत. जुलैमध्ये नोकरी सोडली. ऑगस्टमध्ये सगळं गुंडाळून आईकडे सांगलीत, गावभागात आले. सप्टेंबरपासून मामेभावाच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्टॉक आणि बिलिंग बघते, पगार पुण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. मुलगा 8 वर्षांचा आहे, तो विचारतो आपण घरी कधी जायचं. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे वर्षाचा आढावा टाकतायत, प्रमोशन, घर, ट्रिप. मी पण लिहायला बसले तर वाटलं की एका वर्षात मी सगळंच मोडून ठेवलं. आता हिंजवडीतून एक ऑफर आहे, जुन्याच कामाची, आठवड्यात तीन दिवस ऑफिस, जानेवारीअखेर जॉइनिंग, 5 तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. जाऊ का? पीएफ काढून कर्ज फेडू का? रात्री तीनला जाग येते आणि हेच चालू होतं. मला अहो-जाहो करू नका, रागवायचं असेल तर रागवा. – ना पुण्याची ना सांगलीची"

अगं, रागवण्यासारखं काही नाहीच यात. पत्र वाचून आधी वाटलं तुला जवळ बसवून जेवायला वाढावं, मग बोलावं. ते शक्य नाही म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

तू लिहिलंयस "नोकरी सोडली". पण इथे मी न छापलेल्या भागात, खूप खाली, तूच लिहिलंयस की एचआरने पंधरा मिनिटांचा कॉल लावला, प्रोजेक्ट बंद होतोय म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत राजीनामा मेल करा म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल असं सांगितलं. ही नोकरी तू सोडलेली नाहीस, तुला काढलंय. कागदावर राजीनामा आहे म्हणून ते तुझं ठरवणं होत नाही. आयटीतल्या कितीतरी लोकांकडून अशीच सही घेतली जाते आणि मग तेच लोक घरी, सासरी, सोसायटीत "मीच सोडली, कंटाळा आला होता" असं सांगत फिरतात कारण काढलं म्हणायला जीभ वळत नाही. तू आईलाही हेच सांगितलंयस ना? आणि एकदा सगळ्यांना तसं सांगितलं की हळूहळू स्वतःलाही ते खरं वाटायला लागतं, मग रात्री तीन वाजता तू अशा निर्णयाचा जाब स्वतःला विचारत बसतेस जो तू घेतलाच नव्हतास.

मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त हेच खटकलं. पाच गोष्टी झाल्या आणि पाचही तू स्वतःच्या नावावर लावल्यास, "मी मोडून ठेवलं" म्हणून. बाबांचं जाणं तुझ्या हातात नव्हतं. नोकरी जाणं नव्हतं. वेगळं होणं हा तुमच्या दोघांचा निर्णय होता, तुझ्या एकटीचा नाही, आणि तू जे लिहिलंयस त्यावरून तो विचार करून घेतलेला दिसतो. खरोखर तुझे एकटीचे म्हणावेत असे निर्णय दोनच, सांगलीला येणं आणि कोल्ड स्टोरेजचं काम धरणं, आणि मला विचारशील तर दोन्ही बरोबर होते. आई एकटी पडली होती, तुझी नोकरी नव्हती, दोन घरांचा खर्च होता. त्या ऑगस्टमध्ये आणखी काय करणार होतीस तू?

एक जुनी मोजपट्टी सांगते. 1967 साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला माणसावर पडणाऱ्या ताणाचे गुण दिले. नवरा-बायकोने वेगळं राहायला लागणं 65, जवळच्या माणसाचा मृत्यू 63, नोकरीवरून काढलं जाणं 47, पैशाची परिस्थिती बदलणं 38, कामाचं क्षेत्रच बदलणं 36, राहणीमान बदलणं 25, घर बदलणं 20. यातली प्रत्येक गोष्ट तुझ्या या एका वर्षात आहे. बेरीज 294. वर्षभरात 300 च्या वर गेलं की माणूस आजारी पडायची शक्यता बरीच वाढते असं त्यांचं म्हणणं. आता ही यादी अमेरिकेतली, साठच्या दशकातली, आणि बाप गेल्याचं दुःख काही गुणांत मोजता येत नाही, त्यामुळे ती आकड्यासाठी नको धरूस. मी ती सांगतेय कारण त्यात लग्नालाही 50 गुण आहेत आणि सुट्टीवर जाण्यालासुद्धा 13. म्हणजे चांगला बदलही शरीराला पेलावाच लागतो, आणि तुझ्याकडे तर एकामागून एक येत गेले, मध्ये श्वास घ्यायला जागाच नव्हती. तुला झोप लागत नाही, विसरायला होतं, मुलावर उगाच ओरडलं जातं हे जे लिहिलंयस ते तू कमकुवत आहेस म्हणून होत नाहीये.

पण झोपेचं तसंच सोडू नकोस. तीन-चार महिने रोज तीनला जाग येतेय तर एकदा डॉक्टरांना दाखव, मिरज तुला हाकेच्या अंतरावर आहे. आणि रात्री अगदीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिथे फोन करायला काहीतरी मोठं घडलेलं असायलाच पाहिजे असं नाही.

आता बाबा. तुझ्या पत्रात फेब्रुवारीवर एक परिच्छेद आहे, जुलैवर दोन, ईएमआयवर एक अख्खं पान, आणि बाबांवर दीड ओळ. "तेरा दिवसांत सगळं आवरलं" एवढंच. अगं तेरा दिवसांत भांडीकुंडी आवरतात, पाहुणे जातात, माणूस गेल्याचं आवरत नाही. त्यानंतर सहा-सात आठवड्यांतच तुझी नोकरी गेली, मग सामान, मग शाळेचा दाखला, मग नवीन काम, तू रडलीस कधी? आपल्याकडे वर्षभर सणवार साधेपणाने करतात, दिवाळीला घरात गोडधोड करत नाहीत, नातेवाईक फराळ आणून देतात, आणि मग वर्षश्राद्ध. मला कर्मकांडाचा आग्रह नाही, करायचं नसेल तर नका करू, पण त्या रिवाजामागे एक शहाणपण आहे असं मला मनापासून वाटतं, की जुन्या लोकांना माहीत होतं या कामाला वर्ष लागतं आणि त्या वर्षात त्या घराकडून नेहमीच्या उत्साहाची अपेक्षा करायची नसते. तुझं ते वर्ष मे मध्ये पुरं होतंय. आणि तू डिसेंबरातच हिशेब मागायला बसलीस.

तुझ्या ऑफिसच्या ग्रुपचं वर्ष 31 डिसेंबरला संपत असेल, संपू दे. तू ज्या गावात आहेस तिथे कोणाचंच तसं संपत नाही. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवीन वही घालतात, सीए मंडळींचं 31 मार्चला, शाळेचं जूनला सुरू होतं, आणि बेदाण्याचं तर तुला आता माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, द्राक्षं उतरून शेडवर वाळायला लागली की फेब्रुवारीपासून नवीन माल यायला सुरुवात.

यावरून ऑफरकडे येते. तुझ्या तारखा मी एका कागदावर लिहून काढल्या. फेब्रुवारीत तुम्ही वेगळं राहायला लागून एक वर्ष होतंय. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याची आवक. एप्रिलमध्ये मुलाची परीक्षा. मे मध्ये बाबांचं वर्ष. जूनमध्ये शाळा परत सुरू. म्हणजे तुझ्या आयुष्यातलं जे जे अर्धवट लोंबकळतंय ते सगळं येत्या पाच-सहा महिन्यांत कुठे ना कुठे टेकतंय, आणि ऑफर म्हणतेय जानेवारीअखेर या. त्या पोराची शाळा ऑगस्टमध्ये, वर्षाच्या मध्येच बदलली, आता कुठे त्याला दोन मित्र झालेत असं तूच लिहितेस, आणि जानेवारीत परत दाखला काढायचा?

म्हणून माझं स्पष्ट मत, जानेवारीत जाऊ नकोस. पण लगेच नाही पण म्हणू नकोस. त्यांना 5 तारखेच्या आत मेल कर की मला काम करायचं आहे पण घरात मृत्यू झालाय आणि मुलाचं शैक्षणिक वर्ष चालू आहे, मी जूनच्या पहिल्या आठवड्यात जॉइन होऊ शकते, किंवा मेअखेरपर्यंत पूर्ण वर्क फ्रॉम होम दिलंत तर लगेच सुरू करते. फार तर नाही म्हणतील. कंपन्या तीन-तीन महिन्यांच्या नोटिस पीरियडसाठी थांबतात, तुझ्यासाठीही कोणी थांबू शकेल, विचारायला काय हरकत आहे. नाही म्हणाले तर सोडून दे. 13 वर्षांचा अनुभव जूनपर्यंत कुठे जात नाही.

एकच अट. तुझ्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च आणि अर्धा ईएमआय निघेल एवढी शिल्लक आहे का ते आज रात्री बसून बघ. तू आकडा दिला नाहीस त्यामुळे मी गृहीत धरतेय की आहे. तेवढी नसेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि ऑफर घे, मुलाला मेपर्यंत आईकडे राहू दे आणि तू शुक्रवारी रात्रीच्या बसने ये-जा कर. कठीण आहे ते, मला माहितीये, तरी कर्ज थकण्यापेक्षा बरं.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. अख्ख्या पत्रात एकच भाग असा आहे जिथे तू स्वतःला एकदाही दोष दिला नाहीस, तो कोल्ड स्टोरेजचा. रजिस्टरमधले बॉक्स आणि चेंबरमधले बॉक्स जुळत नव्हते, कोणत्या शेतकऱ्याचा लॉट कुठे ठेवलाय ते एकाच माणसाच्या डोक्यात होतं, तू प्रत्येक लॉटला नंबर दिलास, रॅकप्रमाणे शीट केली, आणि एका शेतकऱ्याचे हरवलेले मानलेले बॉक्स दुसऱ्याच चेंबरमध्ये सापडले तेव्हा तो माणूस तुझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. हे तू किती भरभरून लिहिलंयस गं. भाव वाढेपर्यंत माल थंडीत ठेवणं, त्यावर तारण कर्ज उचललेलं असणं, म्हणजे त्या बॉक्समध्ये त्याचं वर्ष अडकलेलं असतं, तुला ते कळलंय. आणि हे टेस्टिंगच आहे की, जिथे चूक लपलेली असते तिथे जाऊन ती शोधणं, 13 वर्षं तू तेच करत आलीस. पगार कमी आहे हे खरं आणि ते मी गोड करून सांगणार नाही. पण तू आत्तापर्यंत फक्त जुना माल बाहेर जाताना बघितलायस. नवीन माल यायचा हंगाम एकदा बघ, तेव्हा कळेल हे काम तुला खरंच आवडतं की पुण्यापासून लांब आहे म्हणून बरं वाटतंय. त्याआधी ठरवलंस तर अर्ध्या माहितीवर ठरवशील. आणि मामेभावाशी पगाराचं बोल, नात्यात आहे म्हणून संकोच करू नकोस, त्याचं नुकसान वाचवलंयस तू.

कोर्टाचं आणि पैशाचं भराभर सांगते, कारण यातलं बरंच तू चुकीचं ऐकलेलं दिसतंय.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब प्रमाणे अर्ज करताना एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, म्हणून मी फेब्रुवारी म्हणाले. पहिल्या आणि दुसऱ्या सुनावणीत सहा महिन्यांचा काळ असतो, तो सरसकट सक्तीचा नाही, योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय. पण घाई नसेल तर त्याच्या मागे लागू नकोस. खरं महत्त्वाचं आहे ते लेखी अटी, म्हणजे मुलाला वडील कधी भेटणार, सुट्ट्यांत कुठे, शाळेचा खर्च कोण किती, आणि तो फ्लॅट. फ्लॅटच्या कर्जावर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत, घटस्फोट झाला तरी बँकेला त्याच्याशी देणंघेणं नसतं, हप्ता चुकला तर दोघांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो. नवरा तिथे राहतोय तर कर्ज त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घ्यावं आणि तुझा भरलेला हिस्सा द्यावा, किंवा विकून वाटून घ्यावं, तोंडी ठेवू नका. सध्या नातं बरं आहे ना, तर हे बोलायला हीच वेळ चांगली.

पीएफ काढून कर्ज फेडायचं डोक्यातून काढ. तुझी सगळी मिळून 10 वर्षांच्या वर सर्व्हिस झालीये, म्हणजे 58 नंतर पेन्शन मिळायचा हक्क झालाय, फक्त आधीच्या कंपन्यांची खाती एकाच यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या तुझ्या कायमच्या नंबरखाली, आलीत का ते बघ. शेवटच्या कंपनीत पाच वर्षांच्या वर झाली होती तर ग्रॅच्युइटी मिळायला हवी, राजीनामा लिहून घेतला असला तरीही, फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे कंपनीने केलेल्या शेवटच्या हिशेबात, ती आली होती का ते तपास. आणि पीएफ, विमा, बँक, म्युच्युअल फंड सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते बघून घे, लग्नानंतर टाकलेलं नाव तसंच असणार.

बाबांची फाइल. तू लिहिलंयस 2019 च्या पुरात कागद भिजले तेव्हापासून त्यांनी सगळं प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवलं आणि ते गेल्यापासून तुझा हात तिकडे जात नाही. मला कळतं. एकटीने काढू नकोस, मामेभावाला बोलाव, आईला समोर बसव. पण काढ, कारण वारस नोंद करायचीय, आणि बँकेत आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे याचा अर्थ ती मालक झाली असा नाही, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क सगळ्या वारसांचा असतो. तुझा भाऊ बाहेर आहे त्यामुळे हे आत्ता, सगळ्यांमध्ये गोडी आहे तोवर व्हायला हवं. बाबा गेले त्या तारखेपर्यंतचं त्यांचं इन्कम टॅक्स रिटर्नही वारसाने भरायचं असतं, ते सीएला विचार.

आणि ग्रुपवर काय टाकायचं, तर काही टाकू नकोस. पण स्वतःसाठी आढावा घे, तो घ्यावा असं मला वाटतं, फक्त डोक्यातून नको. अशा वर्षात आठवणी सगळ्या एकमेकांत मिसळतात आणि फक्त वाईट तेवढं वर राहतं. मोबाइलची गॅलरी आणि बँकेचं स्टेटमेंट उघड आणि महिन्यामहिन्याने जा. काय झालं, ते कोणी ठरवलं, आणि त्यातलं अजून काय बाकी आहे, एवढं तीनच लिही. एप्रिलमध्ये तू बाबांना किती वेळा भेटायला गेलीस ते तिकिटांवरून दिसेल, आता तुला वाटत असेल की गेलेच नाही. वारज्याच्या घराचं डिपॉझिट तू एकटीने भरलंस ते दिसेल. ऑगस्टचा टेम्पो दिसेल. "कोणी ठरवलं" हा रकाना मात्र प्रामाणिकपणे भर, जुलैच्या समोर स्वतःचं नाव लिहू नकोस.

तो लिहून झाला की आईला नोकरीचं खरं सांग. ती दुखावेल थोडी, मग म्हणेल मला वाटलंच होतं. शेजारचे "किती दिवस आहेस" विचारतात त्यांना "जूनपर्यंत तरी आहे" एवढं उत्तर पुष्कळ झालं. आणि मुलाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर दे. त्याला घरी म्हणजे तुम्ही तिघं होतात ते घर म्हणायचंय. त्याला सांग की आई-बाबा आता दोन वेगळ्या घरांत राहणार, हे त्याच्यामुळे झालेलं नाही, आणि परीक्षा होईपर्यंत आपण आजीकडेच आहोत, मधे कुठे जायचं नाही. 8 वर्षांच्या मुलाला तारीख कळते, "बघू" कळत नाही, "बघू"ने तो जास्त घाबरतो. शक्य असेल तर हे त्याच्या बाबाने आणि तू मिळून सांगा, व्हिडिओ कॉलवर का होईना.

बाकी सगळं मेपर्यंत सावकाश होऊ दे, एक काम मात्र या आठवड्यातच कर. आईचा मेडिक्लेम तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत होता ना, तो तुझ्या शेवटच्या दिवशीच संपला. तिला बीपी आणि शुगर दोन्ही आहे आणि जुलैपासून तिच्याकडे काहीही नाही. 66 वय झालं म्हणून पॉलिसी मिळत नाही हे जुनं झालं, एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने ती वयाची अट काढलीये. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि तो वेटिंग पीरियड पॉलिसी घेतलेल्या दिवसापासून सुरू होतो. आजार लपवू नकोस, फॉर्ममध्ये सगळं खरं लिही, नाहीतर क्लेम नाकारतात. तुझ्या आणि मुलाच्या नावाने वेगळी फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एक पॉलिसी, घे, आईची स्वतंत्र, एकत्र घेतलीस तर तिच्या वयाने सगळ्यांचा हप्ता वाढेल.